निधनवार्तेत आजी कुठे असते?

माननीय संपादक,
स. न.

मराठी वृत्तपत्रांतल्या निधनवार्तांचा साचा आता वाचकांना पाठ झाला आहे. 'त्यांच्या पश्चात दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे, पतवंडे असा परिवार आहे. अमुक कार्यालयातील तमुक यांच्या त्या मातुःश्री होत.' आजी गेली, आणि बातमीत आजी सोडून सगळे हजर! तिचे माहेर कुठले, तिने आयुष्यभर काय केले, याला एक ओळसुद्धा मिळत नाही. नाशिकमधल्या ख्रिस्ती कुटुंबांत मयतीच्या वेळी मदतीला जाणाऱ्या आम्ही काही जणी. बातमीचा मजकूर करणे, जीवनवृत्तांत लिहून देणे, पुढे दगडावरची अक्षरे तपासणे ही कामे आमच्याकडे येतात. 2 नोव्हेंबरचा सर्व मृतांचा स्मृतिदिन आणि त्यामागून नाताळ जवळ येत असल्याने चार गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

पहिली विनंती आपल्याकडेच. निधनवार्तेसाठी येणाऱ्या मजकुरात मृत स्त्रीचे माहेरचे आडनाव, गाव आणि तिचे काम, एवढे मागून घ्यावे. 'माहेर संगमनेर, 31 वर्षे प्राथमिक शिक्षिका, शरणपूरच्या मुलांना तीन पिढ्या शिवणकाम शिकवले', अशा एका ओळीला जागा किती लागते? जागा कमीच असेल तर जावयांची पदे कापावीत. ख्रिस्ती व्यक्तीच्या नावाआधी 'कै.' न लावता 'ख्रिस्तवासी' लिहावे, इतके उपसंपादकांनी पाहिले तरी घरच्यांना बरे वाटते.

घरच्यांसाठीही एक सूचना आहे. दफनविधी बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उरकतो, त्यामुळे छापील बातमी हाती येते तेव्हा माती देऊन झालेली असते. म्हणून वृत्तपत्रात स्मरणोपासनेची, म्हणजे चर्चमधल्या स्मरणाच्या प्रार्थनेची, तारीख द्यावी आणि दफनाची वेळ फोनवर कळवावी. फोनवरच्या निरोपात चर्चचे पूर्ण नाव आणि भाग हवा. मुंबईहून रेल्वेने येणारा पाहुणा नाशिक रोडला उतरतो, तिथून शहरातला शरणपूर भाग 9-10 किलोमीटर आहे आणि चर्च दोन्हीकडे आहेत. 'नाशिकच्या चर्चमध्ये चार वाजता' एवढ्यावर निघालेली माणसे मूठमातीला पोहोचत नाहीत.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. मृत्यू घरी झाला असेल तर डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला, म्हणजे नमुना 4 अ, दफनाआधीच घ्यावा. महापालिकेत मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत केली तर शुल्क लागत नाही. नावाचा घोळ मात्र हमखास होतो. जुन्या पिढीतल्या पुष्कळ आज्यांना बाप्तिस्म्याचे एक आणि घरातले एक अशी दोन नावे असत. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, रजिस्टरात रूथ, रेशन कार्डावर सगुणा. दाखल्यावर आधार कार्डातले नाव जसेच्या तसे घालावे, नाहीतर पुढे बँक आणि पेन्शन दोन्ही अडकतात. उपासनेत मात्र दोन्ही नावे घ्यावीत.

आता मुख्य मुद्दा, जीवनवृत्तांत. स्मरणोपासनेत जे वाचले जाते ते ऐकले तर शहरातल्या सगळ्या आज्या एकच वाटतील. 'प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, प्रार्थनाशील.' चारही विशेषणे खरी असतील, पण त्यांतून माणूस दिसत नाही. आम्ही एक नियम पाळतो. विशेषण लिहिले की त्याच्या शेजारी एक कृती लिहायची, आणि कृती सापडली की विशेषण खोडायचे. 'प्रेमळ होत्या' याऐवजी 'तीन जिने चढून आलेल्या पोस्टमनला पाणी दिल्याशिवाय सोडत नसत.' 'प्रार्थनाशील होत्या' याऐवजी त्या किती वाजता उठत, कुठे बसत, कोणाकोणाची नावे घेत.

याला पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, आधारही आहे. त्यातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात यापो गावची टबीथा मरण पावते. येशूचा शिष्य पेत्र येतो तेव्हा विधवा रडत असतात. त्या तिचे गुणगान गात नाहीत, तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे पेत्राला दाखवतात. श्रद्धांजली अशी द्यावी. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, पहिल्याच अध्यायात, विश्वासाचा वारसा सांगताना त्याच्या आजीचे नाव घेतले आहे, लोईस. 'तुझी आजी' म्हणून सोडून दिलेले नाही.

माहिती पहिल्या दोन दिवसांतच गोळा करावी, कारण सांगणारी माणसे तेव्हाच एका छताखाली असतात. मुलग्यांना विचारून फारसे हाती लागत नाही; आपल्या जन्माआधी आई काय करत होती हे बहुतेकांना ठाऊकच नसते. आजीची बहीण, धाकटा भाऊ, चाळीस वर्षांची शेजारीण आणि थोरली मुलगी यांना विचारा. तिचे जुने बायबल उघडून पुढची-मागची कोरी पाने पाहा. जन्म, बाप्तिस्मे, लग्ने, मृत्यू यांच्या तारखा तिथे लिहिलेल्या असण्याची शक्यता फार. खुणा केलेली वचने आणि पानांत ठेवलेल्या चिठ्ठ्या जागेवरून न हलवता फोटो काढून घ्या. कोणती चिठ्ठी कोणत्या स्तोत्रात होती हे एकदा विस्कटले की परत लावता येत नाही.

जन्मतारखेची गंमत वेगळीच असते. शाळेच्या दाखल्यावर 1 जून दिसला की सावध व्हावे. तारीख माहीत नसलेल्या मुलांना मास्तर सरसकट 1 जून लावत, आणि तीच तारीख पुढे आधार कार्डापर्यंत आली. मंडळीच्या बाप्तिस्मा रजिस्टरात खरी तारीख, निदान खरे वर्ष मिळू शकते. पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, आदल्या दिवशी सांगितले तर ते रजिस्टर काढून ठेवतात. दोन नोंदी जुळल्याच नाहीत तर फक्त वर्ष लिहावे. वर्षही नक्की नसेल तर 'दुष्काळानंतर दोन वर्षांनी' असे आजी सांगत असे तेच लिहावे.

लांबी पाचशे ते सहाशे शब्द, म्हणजे संथ वाचून पाच-सहा मिनिटे. यापलीकडे गेले की मागच्या बाकावरची मुले चुळबुळतात आणि पाळकांचा उपदेश आखडतो. टाइप 16 पॉइंटच्या खाली नको, ओळींत दुप्पट अंतर, कागदाच्या एकाच बाजूला. वाचणाऱ्याचे डोळे भरतात आणि बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून हे. दुसरी प्रत घेऊन आणखी एकाने पहिल्या बाकावर बसावे. आवाज फुटला की त्याने उठून तिथूनच पुढे वाचावे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण आधी ठरले नसेल तर दोन मिनिटे कोणीच काही करत नाही. एक प्रत पाळकसाहेबांना आदल्या रात्रीच द्यावी. मग उपदेश त्या बाईंविषयी होतो. नाहीतर कोणाच्याही मयतीला चालेल असा होतो.

काय गाळावे? शेवटच्या आजाराचा तपशील, औषधांची नावे, बिले, जमिनीचा वाद. आभाराचे काम वेगळ्या माणसाने दोन मिनिटांत उरकावे. काय गाळू नये? तिचे आधी गेलेले मूल. पाच महिन्यांचे होऊन गेलेले बाळ घरचे विसरलेले असतात, आजी विसरलेली नसते. ते नाव घ्यावेच. सुनांची नावे मुलांच्या नावांबरोबर घ्यावीत, नुसते 'सुना' म्हणू नये. यावरून धरलेले अबोले वर्षानुवर्षे टिकतात. आणि आजी तापट असेल तर तेही येऊ द्या. सगळ्या मंडळीला माहीत असलेली गोष्ट लपवली की बाकीच्यावरही विश्वास बसत नाही. उपासनेत हसू आले तर येऊ द्यावे.

लिहायचे कसे, असा प्रश्न नाशिककरांना पडू नये. स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, जलालपूरच्या. फारशी शाळा न शिकलेल्या या बाईंनी चुलीपासून मिशनपर्यंतचे सगळे घरगुती तपशिलांत सांगितले आणि अवघड प्रसंगातही विनोद सोडला नाही. ते पुस्तक 1934 पासून छापून येऊ लागले आणि अजून वाचले जाते.

कॅथलिक घरांत थोडा फरक आहे. मिस्साविधीतले, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतले, प्रवचन बायबलच्या वचनावर असते. आठवणींचे बोल त्याची जागा घेऊ शकत नाहीत. ख्रिस्तप्रसादानंतर, अखेरच्या निरोपाच्या प्रार्थनेआधी ते थोडक्यात बोलता येतात. फादरांना आधी विचारावे आणि मजकूर निम्मा करावा.

गीते तीन पुरतात. एक तिच्या आवडीचे, एक सगळ्यांना पाठ असलेले, एक पुनरुत्थानाचे. पेटीवाल्याला सांगून नेहमीपेक्षा एक-दोन सूर खालची पट्टी घ्यावी. रडून बसलेल्या घशांना वरचे सूर लागत नाहीत आणि गाणे एकट्या पेटीवाल्यावर पडते. वेळ वाचवायला कडवी गाळायची असतील तर मधली गाळा. पुष्कळ गीतांत मरणापलीकडच्या आशेचे कडवे शेवटचे असते आणि नेमके तेच कापले जाते.

आता सांत्वनाविषयी. भेटायला येणारी माणसे चांगल्या मनाने येतात आणि पहिल्याच वाक्यात चुकतात. 'रडू नका, त्या प्रभूजवळ गेल्या.' 'वय झाले होते, सुटल्या.' 'देवाची इच्छा.' यांतले काही खरेही असेल, पण ऐकणाऱ्याला ते तोंडावर हात ठेवल्यासारखे वाटते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येशू मेलेल्या लाजराला उठवायला निघालेला आहे, आपण काय करणार हे त्याला ठाऊक आहे, तरी लाजराची बहीण मरिया हिला रडताना पाहून तो रडतो. पुनरुत्थानावर विश्वास आहे म्हणून अश्रू गिळायला हवेत, असे शुभवर्तमान कुठेच सांगत नाही. पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो ते नीट वाचावे. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असे तो म्हणतो. खेदच करू नका, असे नाही.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत शोकाची स्तोत्रे भरपूर आहेत. 23 वे सगळेच वाचतात, ते वाचावेच. पण पंधरा दिवस झोप न लागलेल्या मुलीपुढे 88 वे वाचून पाहा. ते अंधारावरच संपते, शेवटी दिलासा जोडलेला नाही. इतके काळे बोलणेसुद्धा देवापुढे प्रार्थना म्हणून चालते, याचाच तिला आधार होतो. योहान 14, पहिले करिंथ 15 आणि प्रकटीकरण 21 यांची वेळ नंतर येते, आणि तेव्हा ती पूर्ण वाचावीत. करिंथच्या अध्यायात पौल पेरलेल्या दाण्याविषयी बोलतो. ख्रिस्ती आशा नुसती 'आत्मा वर गेला' एवढीच नाही. जे शरीर मातीत ठेवले त्याच्या पुनरुत्थानाची ती आशा आहे. आजीला आंघोळ घालणे, तिची ठेवणीतली साडी नेसवणे, केस विंचरणे हे सगळे म्हणूनच आदराने आणि सावकाश करायचे असते.

काय बोलावे कळत नसेल तर बायबलमधल्या ईयोबावर दुःख कोसळले तेव्हाचे त्याच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवावेत. ते जमिनीवर त्याच्याजवळ बसले आणि कोणी काही बोलले नाही. त्यांची चूक तोंड उघडल्यावर सुरू झाली.

लहान नातवंडांना 'आजी झोपली' असे सांगू नये. मोठ्यांना 'प्रभूमध्ये निद्रिस्त' कळते, पाच वर्षांचे मूल मात्र रात्री झोपायला घाबरू लागते. 'आजी वारली. तिचे शरीर आता काम करत नाही, तिला दुखत नाही. ती परत घरी येणार नाही. ती देवाजवळ आहे आणि एक दिवस देव आपल्या सगळ्यांना पुन्हा भेटवणार आहे, असा आपला विश्वास आहे.' या क्रमाने, एवढेच. मूल यायला तयार असेल तर दफनाला न्यावे, हातात फूल द्यावे, बरोबर सांभाळणारे एक माणूस ठेवावे. आणि आजोबा! सगळे मुलांना भेटतात आणि आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहतात. दिवसभरात कोणीतरी एकाने फक्त त्यांच्याजवळ बसायचे, हे नेमूनच द्यावे. पहिली मूठ माती त्यांच्या हातची असावी.

हिंदू शेजारीपाजारी दहावा-तेरावा कधी, सुतक किती, असे विचारतात. आमच्यात सुतक नसते, काही घरांत चाळिसाव्या दिवशी प्रार्थना असते, या आणि बसा, असे सांगावे. हार आणला तर घ्यावा, मूठमाती कोणीही देऊ शकतो.

पहिले तीन दिवस डबे इतके येतात की पिठले-भाकरी उरते. चौथ्या दिवसापासून कोणी फिरकत नाही. मंडळीतल्या बायकांनी वाटणी करून घ्यावी. पहिल्या आठवड्यात दोनच घरांनी डबा द्यायचा, बाकीच्यांनी तिसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या आठवड्यात. पंधरा दिवसांनी मुंबई-पुण्याची माणसे परतलेली असतात आणि खरे दुःख तेव्हा घरात येऊन बसते. येताना 'काही लागले तर सांगा' असे म्हणू नये, कोणी सांगत नाही. 'गुरुवारी भाजी आणते, मेथी चालेल का?' असे विचारावे.

पहिला नाताळ सर्वांत अवघड, कारण फराळ आजीच्या हातचा असायचा. तिची भांडी वाटून टाकण्याआधी तिच्या मापाचे भांडे शोधा. एखादे पोचा पडलेले पितळी फुलपात्र असते आणि कृती अशी असते: 'तीन फुलपात्री तांदूळ, गूळ अंदाजाने.' ते फुलपात्र तांदळाने शिगोशीग भरा, वजनकाट्यावर तोला आणि ग्रॅम लिहून ठेवा. मग तसेच किसलेल्या गुळाने भरून तोला. अनारशाचे तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजतात, सावलीत अर्धवट सुकतात, कुटून चाळले जातात, आणि गूळ जरा जास्त झाला की अनारसा तुपात हसतो, विरघळून जातो. अंदाज आजीच्या बोटांत होता; आता तो काट्यावरच सापडेल. तिचे आवाजातले निरोप व्हॉट्सअॅपवर असतील तर ते लगेच दुसरीकडे उतरवून घ्यावेत. 120 दिवस वापर नसला की ते खातेच पुसले जाते.

शेवटी कबरीच्या दगडाविषयी. घाई करू नये. नाशिकची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि उकरलेली माती तर पहिल्या पावसाळ्यात चांगलीच खाली बसते. पुरल्यानंतर महिन्याभरात चौथरा बांधला की तो एका बाजूला कलतो आणि फरशीला तडा जातो. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा, दिवाळीनंतर काम काढावे. मृत्यू ऐन पावसाळ्यात झाला असेल तर पुढच्या वर्षीच. तोवर लाकडी क्रूस पुरतो. जमिनीत जाणाऱ्या भागाला वाळवीसाठी डांबर लावावे, नाव पत्र्यावर ऑइल पेंटने लिहावे.

कडाप्पा स्वस्त पडतो, पण त्याचे पापुद्रे सुटतात. पांढरा संगमरवर पावसाने काळवंडतो. काळा ग्रॅनाइट टिकतो. कोरलेल्या अक्षरांत भरलेला रंग मात्र उन्हाने जातो आणि काही वर्षांनी पुन्हा भरावा लागतो. अक्षर इंचभर उंचीच्या खाली नको, जोडाक्षरे बुजतात. मजकूर चार-पाच ओळींचा असावा: दोन्ही नावे, माहेर, वर्षे, एक वचन.

शरणपूरच्या मिशन शाळेत शिकलेल्या जेकब वेनराइट याने 1873 मध्ये आफ्रिकेच्या रानात मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे हृदय पुरताना दफनाची प्रार्थना वाचली आणि जवळच्या झाडाच्या खोडावर लिव्हिंग्स्टनचे नाव कोरले. त्याच्याकडे ना संगणक होता ना ग्रॅनाइट. आज मजकूर फोनवरून जातो, कोरणाऱ्याच्या संगणकात फॉन्ट बदलतो, रफार उडतो किंवा भलत्याच अक्षरावर बसतो. 'आशीर्वाद'चा 'आर्शिवाद' आणि 'ख्रिस्त'चा 'खिस्त' झालेले दगड उभे आहेत, आणि कोरलेले खोडता येत नाही. म्हणून दगडाच्याच मापाच्या कागदावर छापील नमुना मागावा. घरातल्या दोघांनी तो मोठ्याने, अक्षर-अक्षर वाचावा. वचनाचा संदर्भ बायबल उघडून ताडावा, तारखा बाप्तिस्मा रजिस्टरातल्या नोंदीशी जुळवाव्यात. मग त्याच कागदावर सही करून कोरणाऱ्याला द्यावा आणि निम्मे पैसे काम पाहिल्यावर द्यावेत.

आपल्या,
शरणपूर परिसरातील मंडळीच्या काही भगिनी,
नाशिक